मे महिन्यात विहिरीकडे न फिरकलेला मुलगा

पत्र:

डॉक्टरताई, नमस्कार. आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. माझ्या मुलाला चैत्रात तेरा पूर्ण झाली, यंदा तो आठवीत गेला. दर उन्हाळ्यात तो विहिरीवर पडीक असायचा, जेवायला हाका मारून मारून आणावं लागायचं. या मे महिन्यात एकदाही गेला नाही. ऐन उकाड्यात आत बनियन आणि वर जाड शर्ट. चालताना खांदे पुढे काढून, पोक काढून चालतो. परवा त्याच्या डोक्याला तेल लावताना माझं कोपर छातीला लागलं, तर कळवळला. खूप खोदून विचारलं तेव्हा शर्ट वर केला. डाव्या स्तनाग्राखाली टणक गाठ आहे, उजवीकडेही थोडी वाटते. वर्गातल्या मुलांनी त्यावरून त्याला नाव ठेवलंय. सासूबाई म्हणतात, सोयाबीनच्या वड्या आणि ब्रॉयलर खाऊन झालं. त्याचे बाबा म्हणतात, चरबी आहे, जोर-बैठका मार. माझ्या मनात मात्र दोनच गोष्टी घोळतायत. हा कॅन्सर तर नाही ना? आणि मुलगा पुढे ‘तसा’ तर होणार नाही ना? मोबाइलवर एक तेल आणि छातीचा पट्टा दाखवतात, मागवू का? माझं नाव छापू नका. तो वाचेल.

उत्तर:

ताई,

पट्टा मागवू नका, तेलही नको. आणि आज रात्री नीट झोपा. तेरा वर्षांचा मुलगा, स्तनाग्राच्या बरोबर खाली चकतीसारखी गाठ, दोन्हीकडे कमीजास्त, धक्का लागला की दुखणारी. हे वर्णन मी ओपीडीत इतक्या वेळा ऐकलंय की तुमचं पत्र अर्धं वाचतानाच पुढचं कळलं होतं. हे वयात येणं आहे. मी गाठ हाताने तपासलेली नाही, म्हणून एकदा डॉक्टरांना दाखवायचंच आहे, त्याबद्दल खाली लिहिते. पण तुम्ही लिहिलंय त्यात कॅन्सरची खूण एकही नाही.

वैद्यकात याला गायनेकोमास्टिया म्हणतात. नाव ऐकून धडकी भरते, पण वयात येणाऱ्या मुलग्यांपैकी साधारण निम्म्यांना हे कधी ना कधी होतं. तुमच्या मुलाच्या वर्गात वीस मुलगे असतील तर त्यातल्या दहांना तरी थोडंफार होऊन गेलंय, आत्ता आहे किंवा पुढे होणार आहे. बहुतेकांची गाठ इतकी लहान असते की कुणाला पत्ताही लागत नाही. जी मुलं त्याला नाव ठेवतायत, त्यातलेही काही जण घरी न्हाणीत चाचपून बघत असतील. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. अशी मुलं माझ्यासमोर बसलेली असतात, आई बाहेर गेली की मग बोलतात.

होतं काय, ते सांगते. मुलगा वयात येताना मेंदूकडून निरोप जातो आणि वृषणं कामाला लागतात. त्यातून टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, तयार होतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण बायकांचं म्हणून ओळखलं जाणारं हार्मोन, इस्ट्रोजेन, पुरुषाच्या शरीरातही तयार होतं, जन्मभर होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. काही थेट वृषणांतून, आणि बरंचसं चरबीत टेस्टोस्टेरॉनचंच रूपांतर होऊन. वयात येण्याच्या सुरुवातीच्या वर्षांत टेस्टोस्टेरॉन रात्री आणि पहाटे वाढतं, दिवसा पुन्हा उतरतं, अजून त्याचा जम बसलेला नसतो. तेवढ्या काळात इस्ट्रोजेनचं पारडं थोडं जड होतं. आणि स्तनाग्राखालच्या ग्रंथी मुलगा-मुलगी दोघांनाही जन्मापासून असतातच, त्या या इशाऱ्याने फुगतात. टेस्टोस्टेरॉन दिवसभर पुरेसं राहू लागलं की पारडं सरळ होतं आणि गाठ आपोआप विरते. कुणाची सहा महिन्यांत, कुणाची दीड-दोन वर्षांत. फार थोड्यांची त्यापुढे राहते.

तान्ह्या बाळाची छाती आठवते का? जन्मल्यावर आठवड्याभरात मुलगा असो की मुलगी, काही बाळांची छाती फुगलेली दिसते, कधी थेंबभर दूधही येतं. आईची हार्मोन्स नाळेतून बाळात गेलेली असतात, म्हणून. पूर्वी सुइणी आणि घरातल्या म्हाताऱ्या ती पिळून काढायच्या, अजूनही कुठे कुठे पिळतात, आणि मग त्यात पू होतो. हात न लावता सोडलं तर काही आठवड्यांत आपोआप बसतं. तुमच्या मुलाचं तसंच आहे, फक्त वेळ जास्त लागतो. त्यालाही सांगा की रोज दाबून दाबून बघू नकोस. दाबल्याने गाठ जिरत नाही, दुखणं तेवढं वाढतं.

आता ‘तसा’ या शब्दाबद्दल. तुम्ही तो अवतरणात लिहिलात, म्हणजे लिहितानाही हात अडखळला असणार. छातीतल्या या गाठीवरून मुलगा पुढे कसा होणार, कुणावर प्रेम करणार, त्याला मुलं होणार की नाही, यातलं काहीही ठरत नाही. गाठीचा आणि त्याचा संबंधच नाही. उलट वृषणं कामाला लागली म्हणून ही गाठ आली. मुलगा पुरुष होऊ लागल्याची ती खूण आहे. हे वाक्य त्याच्या बाबांना वाचून दाखवा.

सासूबाईंनाही दुखवू नका, त्या काळजीपोटी बोलतायत. पण सोयाबीनच्या भाजीने असं होत नाही. घरात आठवड्यातून दोनदा वड्यांची आमटी होते तेवढ्याने तर नाहीच. ब्रॉयलरबद्दल गावोगाव हेच ऐकू येतं की कोंबड्यांना हार्मोनची इंजेक्शनं देतात. तो पक्षी चाळीसेक दिवसांत वाढतो तो निवडून काढलेल्या वाणामुळे आणि खाद्यामुळे, सुईमुळे नव्हे. त्याचं आवडतं खाणं बंद करून त्याला शिक्षा झाल्यासारखं वाटेल, हाती काही लागणार नाही.

बाबांचं म्हणणं अर्धं तपासण्याजोगं आहे. वजन जास्त असलेल्या मुलांच्या छातीवर नुसती चरबीही साठते, आणि ते आणि हे वरून सारखंच दिसतं. डॉक्टर मुलाला उताणं झोपवून अंगठा आणि तर्जनी दोन बाजूंनी स्तनाग्राकडे सरकवत आणतात. नुसती चरबी असेल तर बोटं कुठेही न अडता एकमेकांना भेटतात. ग्रंथी असेल तर मध्ये रबरासारखी चकती लागते, बंद्या रुपयाएवढी, कधी थोडी मोठी. तुमच्या पत्रात ‘टणक गाठ’ आणि ‘कळवळला’ हे दोन शब्द आहेत, म्हणून मला ही ग्रंथी वाटते. जोर मारून ग्रंथी जात नाही. छातीचा स्नायू तिच्या खाली असतो, तो भरला की उलट ती पुढे येते. मुलाने खेळावं, धावावं, ते सगळ्याच दृष्टीने चांगलं. पण ‘तू आळशी म्हणून तुला हे झालं’ हा त्यामागचा सूर घरातून जायला हवा.

माझ्या धाकट्या भावाची गोष्ट सांगते, त्याची परवानगी घेऊन. तो आठवीत असताना आईला धुण्यात एक फडकं सापडलं होतं, तिच्या जुन्या नऊवारीची लांब फाडलेली पट्टी, घामाने पिवळी पडलेली. आईला वाटलं त्याने क्रिकेटच्या बॅटला गुंडाळायला फाडली असेल. चांगली रागावली. तो काही बोलला नाही. तीस वर्षांनी, मी एका संध्याकाळी ओपीडीतून दमून आले आणि अशाच एका मुलाबद्दल जेवताना बोलले, तेव्हा त्याने घास खाली ठेवला आणि म्हणाला, “ती पट्टी मी छातीला बांधायचो.” दोन उन्हाळे बांधली होती. श्वास लागायचा म्हणून कबड्डी सोडली. मी तेव्हा बारावीत, जीवशास्त्राचं पुस्तक तोंडपाठ, आणि पलीकडच्या खाटेवर झोपणाऱ्या भावाला काय होतंय ते मला माहीत नव्हतं. मुलग्यांच्या छातीबद्दल लिहिताना मी इतकी पानं का खर्च करते, त्याचं कारण ती पट्टी आहे. तुम्ही पट्ट्याचं विचारलंत आणि मला तीच दिसली. घट्ट बांधल्याने गाठ जात नाही, घामोळं येतं, श्वास कोंडतो, आणि लपवायचं काहीतरी आहे ही खात्री मात्र पक्की होते.

आता डॉक्टरांचं. बालरोगतज्ज्ञांकडे न्या. जवळ नसतील तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात ‘मैत्री’ क्लिनिक आहे का ते विचारा. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४मध्ये सुरू झाला, त्याखाली १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी हे क्लिनिक चालतं, पैसे पडत नाहीत. गावातल्या आशाताईंना त्याचा वार माहीत असेल.

डॉक्टर वजन-उंची घेतील, छाती तपासतील, पोट तपासतील आणि वृषणांचा आकारही बघतील. हे शेवटचं मुलाला आधी घरी सांगून ठेवा, ऐनवेळी कळलं तर तो पळ काढेल. कशासाठी ते समजलं तर मुलं बहुतेक तयार होतात. मी माझ्या टेबलावरची मण्यांची माळच त्यांच्या हातात देते. अंड्याच्या आकाराचे मणी, लहान ते मोठे ओवलेले, एकापासून पंचवीसपर्यंत आकडे घातलेले. आन्द्रेआ प्रादर नावाच्या स्विस बालरोगतज्ज्ञांनी ती युक्ती काढली. वृषणाचा आकार चार आकड्याच्या मण्याएवढा, म्हणजे चार मिलीलीटरचा झाला की मुलगा वयात येऊ लागला असं आम्ही धरतो. मिसरूड आणि कंठ फुटणं फार पुढचं. माळ हातात घेऊन मणी मोजताना मुलाचा चेहरा सैल होतो. आपल्या अंगात जे चाललंय ते मोजता येतं, त्याला क्रम आहे, हे त्याला पहिल्यांदा कळतं. तपासताना आईने किंवा बाबांनी खोलीत असावं, कुणी ते मुलाला ठरवू द्या. आणि त्याने ‘नको’ म्हटलं तर तेही ऐकलं जावं. पुन्हा येता येतं.

बहुतेक वेळा यापुढे काहीही करावं लागत नाही, रक्त काढावं लागत नाही, गोळीही लागत नाही. दर चार-सहा महिन्यांनी दाखवायचं एवढंच. पण काही गोष्टींत मी थांबणार नाही: वयात येण्याच्या इतर कुठल्याही खुणा नसताना गाठ आली असेल, ती झपाट्याने वाढत असेल किंवा लिंबापेक्षा मोठी झाली असेल, दगडासारखी कडक आणि स्तनाग्राच्या एका बाजूला असेल, स्तनाग्रातून रक्त किंवा पाणी येत असेल, वृषणात गाठ लागत असेल, किंवा दोन वर्षं उलटूनही तशीच असेल. मुलगा फार उंच, हात-पाय लांबच लांब आणि वृषणं वयाच्या मानाने लहानच राहिलेली असतील तर क्लाइनफेल्टर नावाच्या गुणसूत्रांच्या वेगळेपणाची तपासणी करतात. साधारण ५०० ते १००० मुलग्यांमागे एकाला तो असतो, आणि वेळेवर कळलेलं बरं. मुलगा कुठली औषधं घेतो तेही सांगा, फिटसाठी, मनाच्या आजारासाठी, बुरशीसाठी, काहीही. काही औषधांनी छाती वाढते. जिममधल्या कुणी डब्यातली पावडर किंवा इंजेक्शन दिलं असेल तर ते तर नक्कीच सांगा. तेरा वर्षांच्या मुलाला कोण देईल असं वाटतं, पण देणारे आहेत.

हे सगळं झालं, तरी तुमच्या पत्रातली खरी गोष्ट छातीची नाही. तो विहिरीवर गेला नाही, ती आहे.

मुलीला न्हाण येतं तेव्हा घरात कुणीतरी तिच्याशी बोलतं. अपुरं बोलतं, नको ते बोलतं, शिवाशिवीही शिकवतं, पण आई, मावशी, आत्या, कुणीतरी तिला जवळ घेऊन बसतं. मुलग्याचं वयात येणं असं कुणाला दिसतच नाही. त्याला पँटी आखूड होतात तेवढंच घराला कळतं. त्याच्या अंगात काय काय चाललंय बघा. मुलींची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलग्यांच्या साधारण दोन वर्षं आधी येतो, म्हणून आठवीच्या वर्गात त्याच्या बाकाशेजारच्या मुली त्याच्याहून उंच आहेत. त्याची पाळी आता येईल, ऐन भरात वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर वाढेल. आधी पावलं आणि हात वाढतात, मग पाय, धड सगळ्यात शेवटी, म्हणून मधल्या काळात तो दारांना धडकतो आणि हातातलं पाडतो. काखेतल्या घामाला वास येऊ लागतो, चेहऱ्यावर पुळ्या येतात, आवाज एका वाक्यात दोनदा चिरकतो. रात्री झोपेत वीर्य बाहेर पडतं. या शेवटच्याला आपल्याकडे ‘स्वप्नदोष’ म्हणतात, आणि मला त्या शब्दाचा संताप येतो. ज्यात दोष तसूभर नाही त्याच्या नावातच दोष घालून ठेवलाय. मग एसटी स्टँडाच्या भिंतीवरची ‘गुप्तरोग’वाल्यांची जाहिरात वाचून मुलगा घाबरला तर नवल काय? त्याने अशक्तपणा येत नाही, वाढ खुंटत नाही. चादर बदलायची, अंघोळ करायची, झालं.

हे त्याच्याशी कुणी बोलावं? बाबांनी बोलावं असं मला मनापासून वाटतं. बाबांना जमणार नसेल तर ज्याच्याबरोबर तो विहिरीवर पोहायला शिकला तो काका किंवा मामा चालेल. आणि कुणीच नसेल तर तुम्ही. शर्ट त्याने तुमच्यासमोर वर केलाय, ते सोपं नव्हतं. समोरासमोर बसवून बोलू नका. शेंगा फोडताना, गाडीवर मागे बसला असताना, रात्री दिवा घालवल्यावर, असं बोला, म्हणजे त्याला तोंड लपवावं लागणार नाही. फार लांबण नको. “मी डॉक्टरांना विचारलं. तुला जे झालंय ते वयात येताना निम्म्या मुलग्यांना होतं. दीड-दोन वर्षांत जातं. तुझी काही चूक नाही. एकदा दाखवून येऊ.” एवढं पुरे. त्याने ‘हं’ म्हटलं तरी ते उत्तर समजा. घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, अगदी मावशीसमोरही, हा विषय काढू नका. त्याच्या अंगाची गोष्ट त्याची आहे.

शाळेत जा, पण त्याला सांगून जा. वर्गशिक्षकांना एकट्याने भेटा. मुलांनी ठेवलेलं नाव वर्गासमोर उच्चारून कुणाला उभं करू नये, एवढी अट आधीच घाला, नाहीतर ते नाव शाळाभर होतं. विज्ञानाच्या तासाला मुलग्या-मुलींना एकत्र बसवून, कुणाकडेही बोट न दाखवता, वयात येण्याबद्दल नीट शिकवलं तर त्या नावातली हवा निम्मी जाते. ‘हा धडा घरी वाचा’ म्हणून पानं उलटणारे शिक्षक आजही आहेत. तुमच्या शाळेत तसं असेल तर मला कळवा, मी त्यांना सविस्तर पत्र लिहीन, हे मनापासून सांगते.

त्याची झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, शाळेत जायचंच नाही म्हणत असेल किंवा जगण्याला कंटाळल्यासारखं बोलला असेल, तर थांबू नका. मनाच्या त्रासासाठी टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी फोन क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतून बोलता येतं.

आणि विहीर. मेमध्ये बंद झालं म्हणून पोहणं संपलेलं नाही. अंगाला चिकटणार नाही असा गडद रंगाचा ढगळ टी-शर्ट घालून पोहू दे. कुणी विचारलं तर ‘ऊन लागतं’ म्हणायचं. पाऊस ओसरल्यावर, पाणी वर आलेलं असताना, काकाला सांगून पहाटे घेऊन जा, गावची पोरं उठायच्या आधी. पहिल्या दिवशी तो नुसता काठावर बसेल, बसू दे.

डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा. तुम्ही लिहिलंत, तो वाचेल. तसं असेल तर त्याला सांगा की त्याने स्वतः लिहिलं तरी चालेल. मी ते छापणार नाही, उत्तर फक्त त्यालाच पाठवीन.